‘नुसतं बसवून ठेवलंय’ : बेकायदा कोठडीविरुद्ध भरपाई मागायची तर

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना एक वाक्य मी सतत ऐकत आलोय. मुलाला पोलिसांनी उचललं म्हणून घरचे ठाण्यावर जातात, आणि टेबलामागून उत्तर येतं, ‘अटक नाही केली, नुसतं बसवून ठेवलंय. साहेब आले की सोडतील.’ साहेब रात्री येतात, कधी दुसऱ्या दिवशी येतात. तिसऱ्या दिवशी अटक ‘दाखवली’ जाते, किंवा एका कागदावर सही घेऊन माणसाला घरी पाठवलं जातं.

‘बसवून ठेवणं’ हा प्रकार कायद्यात कुठेच नाही. माणूस उठून घरी जायला मोकळा असतो, नाहीतर तो कोठडीत असतो. १९९० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे: अटक सुरू होते ती माणसाच्या हालचालीवर बंधन येतं त्या क्षणापासून, अधिकारी कागदावर वेळ लिहितो तेव्हापासून नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) मधले चोवीस तास तिथूनच मोजायचे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत माणूस दंडाधिकाऱ्यासमोर उभा राहिला पाहिजे. तसं झालं नाही तर अनुच्छेद २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेपासून संरक्षण) अशा दोन मूलभूत हक्कांचा भंग होतो आणि त्याबद्दल राज्याकडून पैशात भरपाई मागता येते.

ती मागायची कशी, ते क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. असे दावे बहुतेक वेळा घटनेच्या मोठ्या प्रश्नावर हरत नाहीत, वेळ सिद्ध न झाल्यामुळे हरतात. किती वाजता नेलं, किती वाजता सोडलं, कुणी पाहिलं, कुठे नोंद झाली, यावर सगळं उभं असतं.

माणूस अजून आत असेल तर

भरपाईचा विचार नंतर. आधी माणूस बाहेर आला पाहिजे, आणि त्यासाठी जे जे कराल ते पुढे पुरावा होतं.

एकाने ठाण्यावर जावं आणि दुसऱ्याने ११२ ला फोन करावा. त्या फोनची नोंद वेळेसह राहते. फोनवर भांडू नका. नाव, कुठून नेलं, किती वाजता, कोणत्या ठाण्यात आहे आणि अटकेची कारणं दिलेली नाहीत, एवढंच सांगा. मग हाच मजकूर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला ईमेल करा. साध्या कागदावर अर्ज लिहून ठाण्यातही द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. पोच नाकारली तर त्या प्रतीवर तिथेच लिहा, ‘ठाणे अंमलदारांनी रात्री ९.२० वाजता पोच देण्यास नकार दिला’, आणि सोबतच्या माणसाची सही घ्या. मग तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

चोवीस तास उलटले आणि माणूस सुटला नाही की उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. ती आई, बायको, भाऊ, मित्र, कुणीही करू शकतं. मुंबईतलं मुख्य पीठ, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजीची खंडपीठं, शिवाय ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, यांपैकी आपला जिल्हा कुठे येतो ते स्थानिक वकिलाला माहीत असतं. जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे शोधवॉरंट मागण्याची सोयही कायद्यात आहे. अनुभवाने सांगतो, याचिका दाखल होतेय असा निरोप ठाण्यावर पोचला की पुष्कळदा माणूस तासाभरात सुटतो. सुटला तरी वकिलाचा मसुदा, ईमेल, कॉलची यादी यांतलं काही पुसू नका.

दंडाधिकाऱ्यासमोरचं एक मिनिट

अटक दाखवून माणसाला कोर्टात आणलं, तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण तोच. दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ मागे शिपाई उभा असतो. रात्रभर झोप नसते. माणूस मान हलवतो, ‘नाही.’ ते ‘नाही’ कागदावर उतरतं आणि दोन वर्षांनी दाव्यात सरकारी वकील तोच कागद दाखवतात.

म्हणून कोर्टाच्या आवारात माणसाला गाठा आणि सांगा: विचारलं की बोल. फक्त तीन गोष्टी. ‘मला परवा सकाळी सात वाजता नेलं. तेव्हापासून ठाण्यात आहे. मला इथे मारलं.’ मार बसला असेल तर जागा दाखवायची आणि वैद्यकीय तपासणी मागायची. वकील असेल तर त्याने हे तोंडी न ठेवता अर्ज करून द्यावं, म्हणजे त्याला क्रमांक पडतो. वकील नसेल तर रिमांडच्या वेळी मोफत वकील मागण्याचा हक्क आहे.

त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका: रिमांड रिपोर्ट, अटक पंचनामा आणि त्या दिवशीच्या आदेशाची प्रमाणित प्रत. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये घातलेल्या अटींनुसार अटकेच्या कागदावर तारीख, वेळ आणि किमान एका साक्षीदाराची सही हवी. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे कलम ३६ म्हणून आलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने आणखी एक गोष्ट पक्की झाली: अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि ती रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात हवीत. हा कागद मिळालेलाच नसेल तर तोही दाव्यातला एक वेगळा मुद्दा होतो.

पहिले पंधरा दिवस : वेळ गोळा करा

माझ्याकडे आलेल्या एका आईची गोष्ट सांगतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. तिच्या मुलाला नेलं तेव्हा हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून तिने विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. ‘जीप आली तेव्हा शाळेची घंटा झाली नव्हती. १२ वाजता डबा नेला, आत घेऊ दिला नाही. ४ वाजता चहा दिला, बाकावर बसला होता. मुक्कामाची गाडी आली तेव्हा पुन्हा गेले.’ दोन दिवसांत असे अकरा उल्लेख. उलटतपासणीत तिला विचारलं गेलं, ‘तुमच्या हातात घड्याळ होतं का?’ ती म्हणाली, ‘नव्हतं. पण गावात मुक्कामाची एसटी किती वाजता येते हे सगळ्यांना ठाऊक आहे.’ एसटीचं वेळापत्रक आम्ही आधीच दाखल केलं होतं.

तुम्हीही आठवण ताजी आहे तोवर असा तक्ता लिहून काढा. तासागणिक काय झालं, कोण होतं, कोण काय बोललं. नावं माहीत नसतील तर वर्णन आणि छातीवरच्या पट्टीवरचं जे आठवेल ते.

वैद्यकीय कागद: मार असेल तर सुटल्याच्या दिवशीच सरकारी रुग्णालयात जा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित जखम (मेडिको-लीगल केस) अशी नोंद करायला सांगा. डॉक्टरांना ‘पडलो’ असं चुकूनही सांगू नका. जखमेचा आकार, जागा आणि रंग लिहून घ्या, कारण वळ किती जुने आहेत याचा ढोबळ अंदाज रंगावरून येतो. फोटो काढलेत तर ते ज्या फोनमध्ये काढले तो फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा, लिहावं लागतं. ते काम वकील करतो, पण मूळ फाइल असेल तरच.

सीसीटीव्ही: डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात, प्रवेशद्वारापासून कोठडी आणि व्हरांड्यापर्यंत, कॅमेरे लावायचा आणि चित्रण १८ महिने जपून ठेवायचा आदेश दिला. तसं उपकरण मिळत नसेल तरीही किमान एक वर्ष. तुम्ही आठवड्याच्या आत लेखी मागणी करा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं चित्रण राखून ठेवा. देतील असं समजू नका. पण तुमचं पत्र पोचल्यानंतर चित्रण ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर त्या उत्तराचा अर्थ न्यायालय त्यांच्याविरुद्ध काढू शकतं. समोरचं दुकान, पेट्रोल पंप, सोसायटी यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मात्र फार लवकर पुसलं जातं. तिथे त्याच दिवशी जा.

माहिती अधिकार: ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांची मर्यादा. त्या दोन दिवसांच्या स्टेशन डायरीच्या, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीच्या, नोंदींची प्रत मागा. कॅमेऱ्यांची संख्या आणि चित्रण किती दिवस ठेवतात, हा दुसरा अर्ज. माणूस अजून आत असेल तर अर्जावर ठळक लिहा की हा जीवित व स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मग कलम ७ प्रमाणे ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं.

कोणता रस्ता धरायचा

रस्ते तीन आहेत.

मानवी हक्क आयोग. खर्च नाही, वकिलाची सक्ती नाही, हाताने लिहिलेला अर्ज चालतो. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार हवी. आयोग चौकशी करून भरपाईची शिफारस करतो. ‘शिफारस’ हा शब्द लक्षात ठेवा. आणि तोच विषय न्यायालयात प्रलंबित असेल तर आयोग सहसा हात घालत नाही.

दुसरा रस्ता उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. १९८३ मध्ये रुदुल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा ठाम पाऊल टाकलं. बिहारमधला हा माणूस निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षं तुरुंगातच राहिला होता. त्याला आधी मिळालेल्या ५,००० रुपयांशिवाय ३०,००० रुपये देण्याचा आदेश झाला आणि दिवाणी दाव्याचा हक्कही शाबूत ठेवला. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालाने तत्त्व पूर्ण केलं: मूलभूत हक्क मोडला असेल तर ‘सार्वभौम कृत्य’, म्हणजे राज्यकारभाराचा भाग म्हणून केलेलं काम, या ढालीआड राज्याला लपता येत नाही. कोठडीत मुलगा गमावलेल्या त्या आईला दीड लाख रुपये मिळाले. २०१८ मध्ये विनाकारण अटक झालेले अवकाश शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख मिळाले.

पण रिटची एक मर्यादा आहे. तिथे साक्षी-पुरावे चालत नाहीत, कागदांवर निर्णय होतो. अटकेचा कागद म्हणतो १५ तारीख आणि ठाण्याचीच डायरी किंवा रुग्णालयाची नोंद म्हणते १३ तारीख, असं असेल तर बेलाशक रिट करा. सगळा प्रश्न तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द असा असेल तर न्यायालय म्हणेल, दिवाणी कोर्टात जा. रिटला ठरावीक मुदत नाही, तरी उगाच उशीर केला तर तोच मुद्दा आडवा येतो. याचिका इंग्रजीत लागते आणि मराठी कागदांची भाषांतरं जोडावी लागतात, तो खर्च आधी विचारून घ्या.

तिसरा रस्ता म्हणजे दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. हळू आहे, पण इथे साक्षीदार पिंजऱ्यात येतात, अधिकाऱ्याची उलटतपासणी होते आणि त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा अंतिम आदेश, मागता येतो.

मुदत : इथे फार जण बुडतात

मुदत कायद्याप्रमाणे बेकायदा कोंडून ठेवल्याच्या भरपाईला एक वर्ष मिळतं, सुटल्याच्या दिवसापासून. खोट्या खटल्याच्या भरपाईलाही एकच वर्ष, निर्दोष सुटल्यापासून. तीन वर्षं असतात असं समजून लोक बसून राहतात.

त्याहून मोठा खड्डा पुढे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ म्हणतं की पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा त्या कृत्यापासून सहा महिन्यांत आणला पाहिजे, आणि त्याआधी त्या अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस दिली पाहिजे. मारहाण हे ‘कर्तव्याच्या नावाखाली’ केलेलं कृत्य होतं का, यावर वाद घालता येतो आणि तो घालतातही. पण आपल्या अशिलाला त्या वादात का ढकलायचं? सहा महिनेच आहेत असं धरून चला.

दुसऱ्या बाजूला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० सरकारला दोन महिन्यांची नोटीस मागतं. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद आहे, तरी त्यावर विसंबू नका. माझा हिशेब सरळ आहे: दुसरा महिना संपायच्या आत दोन्ही नोटिसा गेल्या पाहिजेत, आणि पाचव्या महिन्यात दावा दाखल झाला पाहिजे.

नोटीस

सरकारच्या नावची नोटीस संबंधित खात्याच्या सचिवांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायची. अधिकाऱ्याची त्याच्या हातात किंवा त्याच्या कार्यालयात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टेबलावर स्वतः जा. शिक्का स्पष्ट उमटला का पाहा, तारीख पुसट असेल तर पुन्हा मारून घ्या. माझ्या एका पक्षकाराच्या प्रतीवर महिना वाचताच येत नव्हता आणि त्या एका शिक्क्यावर आमच्या दोन तारखा गेल्या.

नोटिशीत चार गोष्टी हव्यातच: तुमचं नाव, वर्णन व राहण्याचा पत्ता, काय घडलं आणि दाव्याचं कारण कधी उद्भवलं, कोणता हक्क मोडला, आणि नेमकी काय मागणी आहे, रकमेसह. भाषा थंड ठेवा. ‘गुंडांसारखे’, ‘राक्षसी’ असे शब्द गाळा. ‘दि. १३ रोजी सकाळी सुमारे ७ वाजता नेले व दि. १५ रोजी सायंकाळी ५ वाजता न्यायालयात हजर केले, म्हणजे ५८ तास ताब्यात ठेवले’ या वाक्यात सगळं आलं.

दावा लिहिताना

प्रतिवादी म्हणून ‘अमुक पोलीस ठाणे’ लिहू नका. ठाणे ही कायद्याने व्यक्ती नाही. प्रतिवादी क्रमांक १, ‘महाराष्ट्र राज्य, तर्फे जिल्हाधिकारी’. त्यापुढे अधिकारी, नाव आणि हुद्द्यासह. सरकार पक्षकार असलं की दावा रकमेने कितीही लहान असला तरी जिल्ह्यात तो दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. मुंबईत शहर दिवाणी न्यायालयाकडे. जिथे कोंडून ठेवलं तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायालयात तो करता येतो. जिल्हा न्यायालयात दावा मराठीत लिहिता येतो, आणि मराठीतच लिहा. वादीला स्वतःचा दावा वाचून कळला पाहिजे, कारण पिंजऱ्यात त्यालाच उभं राहायचं आहे.

एका परिच्छेदात एकच घटना. वर बनवलेला तासांचा तक्ता जसाच्या तसा इथे उतरवा. नंतर हक्कांचे परिच्छेद: कारणं सांगितली नाहीत म्हणून अनुच्छेद २२(१), चोवीस तासांत हजर केलं नाही म्हणून २२(२), मारहाण झाली म्हणून २१. मग दाव्याचं कारण, न्यायालयाची हद्द, मुदत आणि मूल्यांकन. कलम ८० ची नोटीस दिली आहे हे वाक्य दाव्यात असलंच पाहिजे. शेवटी मागणी, सत्यापन (लिहिलेलं खरं आहे अशी सही) आणि शपथपत्र. दस्तऐवजांची यादी सोबतच द्या. नंतर आणलेला कागद परवानगीशिवाय आत येत नाही.

रक्कम कशी ठरवायची? औषधपाणी, बुडालेली मजुरी, जामिनासाठीचा खर्च यांचा हिशेब पावत्यांसह द्या. मजुरीला पावती नसते, मग मुकादमाचं हजेरीपुस्तक किंवा मालकाचं शपथपत्र जोडा. त्यानंतर मानसिक त्रास, बदनामी आणि स्वातंत्र्य गेल्याबद्दलची वेगळी रक्कम. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, म्हणून पन्नास लाखांचा आकडा टाकून नंतर फीसाठी धावाधाव करू नका. खरंच ऐपत नसेल तर निर्धन वादी म्हणून अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, फोन १५१००.

दाखल झाल्यावर

समन्स जातात, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) येते, मुद्दे निघतात, म्हणजे वाद नेमका कशावर ते न्यायालय ठरवतं. कैफियतीत ठरलेली वाक्यं असतील: ‘चौकशीसाठी स्वखुशीने आला होता’, ‘रात्री घरी सोडले होते’. दोन्ही वाक्यांना एकच उत्तर: मग ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण द्या, स्टेशन डायरी हजर करा. ही कागदपत्रं मागवण्याचा अर्ज मुद्दे निघाल्यावर लगेच द्या, पुरावा संपत आल्यावर नाही. मोबाइलचे कॉल तपशील आणि टॉवरची जागाही न्यायालयामार्फतच मागवा.

मधल्या काळात माणसं येतील. गावातलेच, ओळखीचेच. ‘मिटवून टाका, पोराचं पुढचं बघा.’ मिटवायचं की नाही हा तुमचा हक्क आहे, पण जे ठरेल ते न्यायालयात लेखी तडजोड म्हणून. दबाव आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात न्यायालयात अर्ज द्या.

हुकूमनामा झाला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, निकालापासून तीन महिने रक्कम न भरल्यावरच चालते, तेव्हा त्या तीन महिन्यांत जिल्हाधिकारी कार्यालयाला नक्कल आणि बँक खात्याचा तपशील देऊन पोच घ्या. अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झालं तर ते निकाली निघाल्यावर, मूळ कागद परत मागण्याचा अर्ज करता येतो. त्या आईने तो केला आणि निशाणी (पुरावा) क्रमांकाचा शिक्का पडलेलं विजेचं बिल परत नेलं.